मरण दाखवावं, पण टांगून ठेवू नये

"झोंबींची मालिका बघायची आणि वर त्यात माणसं मेली म्हणून रडायचं, हे काय गणित?" हा प्रश्न मी वर्गात ऐकलाय, हॉस्टेलच्या मेसमध्ये ऐकलाय आणि आपल्या वाङ्मय मंडळाच्या बैठकीतही एकदा ऐकलाय. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, त्याला हसायचं असतं. मला मात्र या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावंसं वाटतं. कारण २०१६ साली एका झोंबी-मालिकेच्या एका एपिसोडवर प्रेक्षक असे काही चिडले, की त्यांतल्या पुष्कळांनी ती मालिका बघणंच सोडलं. त्यांना 'हळवे' म्हटलं गेलं, 'मन घट्ट नसेल तर बघता कशाला' असं सुनावलं गेलं. माझं म्हणणं असं आहे की त्या प्रेक्षकांचं बरोबर होतं. आणि गोष्टी लिहू-वाचू पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर त्यांचा राग जरा जवळ जाऊन बघायला हवा.

मालिकेचं नाव 'द वॉकिंग डेड'. ज्यांची अजून बघायची राहिली आहे त्यांनी इथेच थांबलेलं बरं, कारण पुढे सगळं उघड होणार आहे. ज्यांना बघायचीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रॉबर्ट किर्कमन या लेखकाचं याच नावाचं कॉमिक अमेरिकेत २००३ पासून निघत होतं. त्यावरून एएमसी या वाहिनीने ३१ ऑक्टोबर २०१० ला मालिका सुरू केली आणि ती २० नोव्हेंबर २०२२ पर्यंत चालली. ११ सीझन, १७७ एपिसोड. जॉर्जिया राज्यातला रिक ग्राइम्स हा पोलीस अधिकारी हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर येतो, तेव्हा बाहेरचं जग मोडून पडलेलं असतं. मेलेली माणसं उठून चालताहेत आणि जिवंत माणसांना खाताहेत. मालिकेत त्यांना 'वॉकर' म्हणतात. नियम एवढाच की माणूस कशानेही मेला तरी, मेंदू शाबूत असेल तर तो उठतो.

पण चार-पाच एपिसोड बघितले की लक्षात येतं, वॉकर हे फक्त निमित्त आहे. उरलेली दहा-पंधरा माणसं एकमेकांना धरून कशी राहतात, कुठे आसरा शोधतात, कशी भांडतात, प्रेमात पडतात, मुलं वाढवतात, हीच खरी गोष्ट. पावसाळ्यात नदीला पूर आल्यावर शाळेत मुक्कामाला आलेली कुटुंबं कशी आठ दिवसांत एक घर होऊन जातात, तसं काहीसं.

या माणसांत एक होता ग्लेन. आधी पिझ्झा पोचवायचं काम करणारा पोरगा. पहिल्याच एपिसोडच्या शेवटी रिक एका रणगाड्यात अडकतो, बाहेर वॉकरांची झुंबड, आणि रेडिओवर एक टिंगलखोर आवाज येतो. तो ग्लेनचा. ओळख ना पाळख, तरी तो रिकला वाचवतो. पुढे सहा वर्षं तो तेच करत राहिला. मॅगीशी लग्न झालं, तिला दिवस गेले, पण 'परक्याला मदत का करायची' हा हिशेब त्याने कधी घातला नाही. ही भूमिका करणारा स्टीव्हन यून कोरियात जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला. तिकडच्या टीव्हीवर आशियाई चेहऱ्याच्या माणसाला प्रेमकथेचा नायक म्हणून क्वचितच बघायला मिळायचं. त्यामुळे बऱ्याच प्रेक्षकांना ग्लेन घरातला वाटायचा.

आता तो प्रसंग. ३ एप्रिल २०१६ ला सहाव्या सीझनचा शेवटचा एपिसोड झाला. रात्रीची वेळ, रान, आणि रिकसकट ११ जण गुडघ्यांवर बसवलेले. समोर नीगन नावाचा नवा खलनायक, हातात काटेरी तार गुंडाळलेली बेसबॉलची बॅट. आपण लहानपणी 'अडम तडम' म्हणत राज्य कुणावर ते ठरवायचो, तसं तो एकेकावर बॅट रोखत मोजत जातो. कुणावर तरी थांबतो. बॅट उचलतो. आणि कॅमेरा एकदम मार खाणाऱ्याच्या डोळ्यांच्या जागी जातो. पडद्यावर रक्त ओघळतं, मग काळोख, मग नुसते आवाज. एपिसोड संपला.

कोण मेलं? ते सांगितलं गेलं थेट २३ ऑक्टोबरला. म्हणजे २०३ दिवसांनी. त्या सहा-साडेसहा महिन्यांत कोण मेलं असेल याचे अंदाज बांधणं हाच एक खेळ होऊन बसला. आणि २३ ऑक्टोबरलाही एपिसोड लगेच उत्तर देत नाही. आधी नंतरचं दाखवतो, रिकचा रक्ताळलेला चेहरा दाखवतो, पुन्हा प्रेक्षकाला टांगतो. मग कळतं, मेला तो अब्राहम. प्रेक्षक श्वास सोडतो न सोडतो तोच डॅरिल रागाच्या भरात नीगनला ठोसा मारतो, आणि त्याची शिक्षा म्हणून दुसरा बळी घेतला जातो : ग्लेन. पोटुशी मॅगी चार हातांवर बसून बघत असताना. कॅमेरा मान वळवत नाही. त्या चेहऱ्याचं काय होतं ते तो जवळून आणि पुन्हा पुन्हा दाखवतो. मी ते इथे लिहिणार नाही. एवढं झाल्यावरही संपत नाही. रिकला स्वतःच्या पोराचा हात तोडायला लावण्यापर्यंत नीगन जातो, आणि अगदी शेवटच्या क्षणी थांबवतो.

त्याच रात्री वाहिनीने 'टॉकिंग डेड' हा गप्पांचा कार्यक्रमही ठेवला होता. मालिकेचा नवा एपिसोड झाला की त्यावर बोलायचा तो कार्यक्रम. त्या दिवशी तो लॉस एंजेलिसमधल्या हॉलिवूड फॉरेव्हर या दफनभूमीवर, प्रेक्षक जमवून, थेट केला गेला. स्मशानात सोहळा. कल्पना म्हणून कुणाला चतुर वाटली असेल. मला त्यात पुढच्या सगळ्या रागाचं कारण दिसतं.

प्रतिक्रिया अनेक तऱ्हेच्या आल्या. कॉमिक वाचणारे म्हणाले, यात धक्का कसला? २०१२ साली निघालेल्या १०० व्या अंकात नीगनने ग्लेनला असंच मारलंय. काहींना अँड्र्यू लिंकनचा अभिनय विलक्षण वाटला, रिकचा अभिमान मोडताना त्या चेहऱ्यावर जे घडतं ते बघण्यासारखंच आहे, यात वाद नाही. पालकांच्या एका संघटनेने हिंसाचाराबद्दल जाहीर टीका केली. आणि एक मोठा वर्ग असा होता की ज्याने शांतपणे टीव्ही बंद केला. आकडे बघा. २३ ऑक्टोबरचा एपिसोड अमेरिकेत त्या रात्री सुमारे १ कोटी ७० लाख लोकांनी बघितला. पुढच्या आठवड्याचा सुमारे १ कोटी २५ लाखांनी. एका आठवड्यात एक चतुर्थांशाहून जास्त माणूस उठून गेला. शेवटच्या एपिसोडला, २०२२ मध्ये, साधारण २३ लाख उरले होते. सगळी गळती या एका रात्रीची, असं मी म्हणणार नाही. तोवर लोकांचं टीव्ही बघणंच बदललं होतं, मोबाइल आणि स्ट्रीमिंग आलं होतं, मालिकाही लांबली होती. पण तो पहिला आठवडा मात्र काहीतरी सांगतो.

काय सांगतो? 'लोकांना दुःख सोसत नाही' असं सांगतो का? मला तसं वाटत नाही. कारण याच मालिकेने याच प्रेक्षकांना याहून काळाकुट्ट एपिसोड दिला होता आणि तो त्यांनी डोक्यावर घेतला होता.

१६ मार्च २०१४. चौथ्या सीझनचा १४ वा एपिसोड, 'द ग्रोव्ह'. कॅरल आणि टायरीस ही दोन मोठी माणसं, लिझी आणि मिका या दोन लहान बहिणी आणि एक तान्हं बाळ रानातल्या एका घरात उतरतात. चूल पेटते, बदाम-अक्रोडासारखी फळं मिळतात, बाहुली मिळते. वाटतं, राहावं इथेच. पण लिझीच्या मनात काहीतरी बिघडलेलं आहे. वॉकर हे मेलेले नाहीत, फक्त वेगळे आहेत, असं तिला खरोखर वाटतं. ती त्यांच्याशी खेळते. आणि एके दिवशी मोठी माणसं बाहेरून परततात तर हातात रक्ताळलेला सुरा घेऊन लिझी उभी, आणि तिच्या पायाशी मिका. बहीण आता उठेल, परत येईल, म्हणून ती आनंदात आहे. पुढचा नंबर बाळाचा. त्या मुलीला जगात कुठेही ठेवता येणार नाही, हे कॅरलला कळतं. ती लिझीला फुलं बघायला घेऊन जाते.

लिझी आणि मिका वयात न आलेल्या पोरी. यापेक्षा भयंकर काय असणार? नीगनची बॅट यापुढे काहीच नाही. तरी 'द ग्रोव्ह' बघून लोक मालिका सोडून गेले नाहीत. उलट आजही मालिकेतला सगळ्यात चांगला एपिसोड कुठला म्हटलं की पुष्कळ जण त्याचंच नाव घेतात. लोक रडले, दोन-दोन दिवस अस्वस्थ राहिले, पण फसवल्यासारखं कुणाला वाटलं नाही. आणि गंमत म्हणजे या दोन्ही एपिसोडचा लेखक एकच, स्कॉट गिंपल. लेखणी तीच, मालिका तीच, प्रेक्षक तेच. मग फरक कशात?

पहिला फरक कॅमेऱ्यात. मिका मरताना आपल्याला दिसत नाही. लिझीला गोळी लागतानाचा चेहरा आपल्याला दाखवत नाहीत. आपल्याला दिसते ती कॅरल, आणि नंतर टेबलाशी बसलेली दोन थकलेली माणसं. मरणाचा घाव न दाखवता त्या घावानंतर जगणाऱ्याचं काय होतं ते दाखवलंय.

आपल्याकडे ही समज फार जुनी आहे. नाट्यशास्त्राचा संकेतच असा, की मरण, राज्यनाश, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून कळवाव्यात. आता कुणी म्हणेल, हे सोवळेपण झालं. तसं नाही. भासाच्या नावावर असलेलं 'ऊरुभंग' घ्या. तिथे दुर्योधन रंगमंचावरच मरतो, म्हणजे संकेत मोडलाच आहे. पण कसा मोडलाय बघा. भीमाच्या गदेचा तो मांडी फोडणारा घाव आपल्याला दिसत नाही. तीन सैनिक येऊन त्या युद्धाचं वर्णन करतात. मग मांड्या मोडलेला दुर्योधन सरपटत येतो. आंधळा बाप आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली आई त्याला शोधत येतात. लहानगा दुर्जय नेहमीसारखा बापाच्या मांडीवर बसायला बघतो, आणि बापाला त्याला बसू देता येत नाही. एवढंच. ज्याचा आपण आयुष्यभर राग केला त्या दुर्योधनासाठी घशात आवंढा येतो. गदा न दाखवता भासाने गदेचा घाव दाखवला. नीगनच्या एपिसोडमध्ये बॅट इतकी दिसते की ग्लेन दिसेनासा होतो. बीभत्स रस करुणाला गिळून टाकतो. बघणारा तोंड फिरवतो, आणि तोंड फिरवलेल्या माणसाला रडता येत नाही.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो वेळेचा आहे. 'द ग्रोव्ह' एका बैठकीत संपतो. दुःख दिलं आणि त्याच हाताने प्रेक्षकाला त्या दुःखाशेजारी बसायला जागाही दिली. २०१६ मध्ये दुःख २०३ दिवस टांगून ठेवलं. बरं, हे पहिल्यांदाही नव्हतं. त्याच सीझनमध्ये, २५ ऑक्टोबर २०१५ ला, ग्लेन वॉकरांच्या गर्दीत पडतो आणि त्याचं पोट फाडलं जातंय असं दाखवलं. सुरुवातीच्या नामावलीतून नटाचं नावसुद्धा काढलं, म्हणजे लोकांची खात्री पटावी. २२ नोव्हेंबरला कळलं, अरे, तो तर कचऱ्याच्या मोठ्या डब्याखाली सरकून वाचलाय! चार आठवडे लोक त्याच्यासाठी हळहळले होते. ती हळहळ वाहिनीने वापरून घेतली आणि मग 'गंमत केली' म्हणून परत केली. 'लांडगा आला रे आला' ची गोष्ट आपण पोरांना सांगतो. इथे तर मेंढपाळानेच तिकिटं लावून लांडग्याची आरोळी ठोकली. मग खरा लांडगा आला तेव्हा लोकांना दुःख कमी आणि संताप जास्त झाला, यात नवल काय?

मरणाची बातमी थांबवून ठेवणं हे आपल्याला अनोळखी नाही. आपल्या घरांतूनही ती थांबवतात. माझी आजी गेली तेव्हा मी बेळगावात हॉस्टेलवर होते. सकाळी दादाचा फोन आला, "आजीला जरा जास्त झालंय. मी न्यायला येतोय, बॅग भरून ठेव." तो आला, मला गाडीवर मागे बसवलं, काही बोलला नाही. पिरनवाडी ओलांडल्यावर एका टपरीपाशी गाडी थांबवली. मला चहा घ्यायला लावला. पूर्ण पिऊ दिला. मग म्हणाला, "आजी गेली, पहाटे." त्याला पहाटेपासून माहीत होतं. तासभर गाडी चालवताना त्याने ते एकट्याने पोटात ठेवलं होतं. का? तर मला ती बातमी हॉस्टेलच्या खोलीत, एकटीला, फोनवर ऐकावी लागू नये म्हणून. पुढे खानापूर येईपर्यंत मी त्याच्या पाठीला डोकं लावून रडले, आणि त्याने गाडी हळू चालवली.

त्यानेही बातमी थांबवली आणि त्या वाहिनीनेही. दोघांनीही नेमकी वेळ निवडली. पण दादाने ती वेळ माझ्याकडे बघून निवडली. वाहिनीने ती पुढच्या सीझनच्या जाहिरातींकडे बघून निवडली. ऐकणाऱ्याला हा फरक कळतो. तो शब्दांत सांगता येत नसेल, 'फार हिंसा होती हो' एवढंच त्याला म्हणता येत असेल, पण कळतो. आपल्या दुःखाची कुणी काळजी घेतंय की कुणी त्याच्यावर दुकान मांडलंय, हे ओळखायला माणसाला साहित्यशास्त्र शिकावं लागत नाही.

मालिकेच्या बाजूनेही बोललं पाहिजे. निर्मात्यांचं म्हणणं असं होतं, की नीगन किती भयंकर आहे हे प्रेक्षकाच्या अंगावर यायलाच हवं होतं. रिकसारखा माणूस गुडघे टेकतो, पुढे कित्येक एपिसोड मान खाली घालून जगतो, ते पटायचं तर त्या रात्रीची दहशत आपल्यालाही बसली पाहिजे. हा मुद्दा खोटा नाही. सत्ता कशी भीती पेरते, हे गुळमुळीतपणे सांगता येत नाही. त्याच एपिसोडच्या शेवटी एक सुंदर दृश्यही आहे : सगळे एका लांब टेबलाशी जेवायला बसलेत, अब्राहम आहे, ग्लेन आहे, त्याच्या मांडीवर पोर आहे. कधीच न होणारं जेवण. मला वाटतं, सगळा एपिसोड त्या टेबलाच्या अंगाने सांगितला असता, तर लोकांनी तोही 'द ग्रोव्ह' सारखाच जपला असता. दहशत दाखवायला हवी होती हे मान्य. ती सहा महिने विकायला हवी होती, हे मात्र कुठल्याच तर्काने पटत नाही. आणि निर्मात्यांनाही काहीतरी जाणवलं असावं. जानेवारी २०१७ मध्ये निर्मात्या गेल अ‍ॅन हर्ड यांनी सांगितलं, की प्रतिक्रिया बघून तेव्हा चित्रीकरण चालू असलेल्या भागांतली हिंसा त्यांनी कमी केली. मालिकेच्या चमूतल्या इतरांनी त्या पहिल्या एपिसोडचं समर्थनच केलं. पण मुळात प्रश्न हिंसा किती लिटर हा नव्हताच.

प्रेक्षकांनाही एक गोष्ट सांगायला हवी. चिडायचा हक्क आहे, पण कुणावर? २०२० च्या जूनमध्ये 'द लास्ट ऑफ अस' या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग आला. त्यात सगळ्यांचा लाडका जोएल मारला जातो, तोही असाच क्रूरपणे. त्याला मारणाऱ्या अ‍ॅबीची भूमिका केलेल्या लॉरा बेली या अभिनेत्रीला लोकांनी जिवे मारायच्या धमक्या दिल्या, तिच्या लहान मुलापर्यंत गेले. हा राग नव्हे, हा नीगनपणा झाला. गोष्टीतल्या खुनावर चिडून खऱ्या माणसाला खुनाची धमकी देणाऱ्याला गोष्ट कळलीच नाही. टीव्ही बंद करणारे ते लाखो लोक मला म्हणूनच शहाणे वाटतात. त्यांनी कुणाला शिवी दिली नाही. पानावरून उठावं तसे उठले आणि गेले.

राहता राहिला 'मन घट्ट करा' हा सल्ला. आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर अपघाताचे व्हिडिओ येतात. रस्त्यावर पडलेलं कुणीतरी, आणि मदतीऐवजी फोन धरून उभा असलेला कुणीतरी. आपण ते चहा पिता पिता बघतो आणि पुढे सरकवतो. मन घट्ट होणं म्हणतात ते हेच असेल, तर ते ताकदीचं लक्षण कसं? त्याला तर मालिकेत वेगळा शब्द आहे. चालतं, खातं, पण वाटत काही नाही : वॉकर. मेलेल्याबद्दल ज्याला अजून वाईट वाटतं, तो मालिकेतल्या जिवंत माणसांच्या बाजूला आहे. ग्लेन सहा वर्षं दुसरं काय सांगत होता?

म्हणून मंडळातल्या लिहिणाऱ्यांना एक विनंती आहे. आपल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका आठवा. शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी मरतंच. लाल दिवा लागतो, किंकाळी येते, आणि परीक्षकांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून प्रेत जरा पुढे, उजेडात पडतं. मी स्वतः प्रेक्षकांत बसून अशा पाच-सहा मरणांना टाळ्या ऐकल्या आहेत आणि दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाही पात्राचं नाव कुणाला आठवलेलं नाही. यंदाच्या स्पर्धेच्या संहिता येत्या महिन्यात मंडळाकडे द्यायच्या आहेत. तुमच्या गोष्टीत कुणी मरणार असेल तर मरू दे, जग तसंच आहे. पण त्याआधी त्याला चार पानं नीट जगू द्या, त्याला काय आवडायचं ते आम्हाला कळू दे. मेला की लगेच सांगा. आणि सांगितल्यावर दिवे घालवू नका. मागे राहिलेली माणसं जेवायला कशी बसली, तेही थोडं दाखवा.